नागपुरात हिवाळ्याआधी घराची तयारी: क्रमवार कामं आणि विजेचा हिशेब

थंडीची पहिली लाट आली की नागपुरात बहुतेक घरी आधी हीटर विकत येतो. क्रम इथेच चुकतो. आपली घरं उन्हाळ्याच्या हिशेबाने बांधलेली आहेत: खिडकीत कूलरसाठी सोडलेली मोकळी चौकट, छताजवळचे झरोके, बाथरूमला काचेच्या आडव्या पट्ट्या, सैल सरकणाऱ्या ॲल्युमिनियमच्या खिडक्या. मे महिन्यात ज्या वाटांनी हवा खेळावी असं वाटतं, त्याच वाटांनी जानेवारीत हीटरची ऊब बाहेर जाते आणि मीटर पळत राहतो.

इथली थंडी रात्रीची आहे, हे आधी ध्यानात घ्या. डिसेंबर-जानेवारीत किमान तापमान सरासरीने १२-१३ अंश असतं, लाट आली की ७-८ वर उतरतं, आणि २९ डिसेंबर २०१८ ला तर ते ३.५ अंशांपर्यंत गेलं होतं. पण त्याच दिवसांत दुपारी बहुतेक वेळा २६ ते २८ अंश असतात. म्हणजे ऊब रोज फुकट मिळते, ती सकाळपर्यंत टिकवायची असते. म्हणून कामांचा क्रम असा: आधी भोकं बुजवायची, मग ऊन आत घ्यायचं, मग अंथरूण, मग गरम पाणी, आणि एवढं करूनही थंडी उरली तर हीटर.

दिवाळी झाली की सुरुवात करा आणि नोव्हेंबर संपायच्या आत उरका. डिसेंबरात इलेक्ट्रिशियन आणि गीझरवाला दोघेही लवकर मिळत नाहीत.

## आधी जमवायचं साहित्य

- कूलरच्या चौकटीसाठी: ६ मिमी प्लायचे दोन तुकडे, २५ मिमी जाडीचा थर्माकोल, मागे चिकट असलेली स्पंजची पट्टी
- सरकत्या खिडक्यांसाठी: केसाळ पट्टी (दुकानात ‘वूल पाइल’ म्हणून मागा)
- दाराच्या फटीसाठी: खाली लावायची रबरी किंवा फोमची पट्टी
- गरम पाण्याच्या उघड्या पाइपासाठी: ९ मिमी जाडीची काळी नायट्राइल रबरची नळी, जी एसीच्या तांब्याच्या पाइपावर असते तीच
- गीझरसाठी: तुमच्या मॉडेलचा ॲनोड रॉड (टाकीला गंजण्यापासून वाचवणारी कांडी) आणि गॅस्केट (जोडातून पाणी गळू नये म्हणून लावायची रबरी चकती)
- भिंतीवर अडकवायचा साधा थर्मामीटर
- अगरबत्ती

थर्मामीटर टाळू नका. पहाटे झोपायच्या खोलीत किती अंश असतात हे माहीत नसताना घेतलेला हीटर अंदाजाने घेतलेला असतो. घरात वयस्कर माणसं किंवा तान्हं बाळ असेल तर खोली १८ अंशांच्या खाली जाऊ देऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेनेही थंडीत घरासाठी हाच आकडा धरला आहे. नागपुरात भोकं बुजवलेल्या खोलीत बऱ्याच रात्री हे हीटरशिवायही साधतं.

## टप्पा १: बिलाचा पाया मोजा

काम सुरू करायच्या आधी एक आठवडा रोज रात्री दहाला आणि सकाळी आठला मीटरचं रीडिंग वहीत लिहा. या दोन वेळांच्या मधला आकडा हाच तुमचा तुलनेचा पाया. पुढचा प्रत्येक उपाय कामाचा ठरला की नाही, हे यावरूनच कळेल.

महावितरणच्या घरगुती बिलात १००, ३०० आणि ५०० युनिटच्या पुढे दर बदलतो. ३०० च्या वर गेलं की सगळं बिल वरच्या दराने लागतं, असा समज फार पसरलेला आहे. तसं नाही. वरचा दर फक्त ३०० च्या पुढच्या युनिटांना लागतो. मात्र हीटर आणि गीझरची जादा युनिटं नेमकी याच वरच्या भागात पडतात. म्हणून ‘एका तासाला किती रुपये’ काढताना एकूण बिलाला एकूण युनिटांनी भागू नका. बिलावरचा तुमच्या सगळ्यात वरच्या टप्प्याचा वीज आकार घ्या, त्यात वहन आकार आणि इंधन समायोजन मिळवा, आणि त्यावर १६ टक्के वीज शुल्क धरा. जो आकडा येईल तो तुमच्या हीटरचा खरा दर.

युनिट काढायचं सूत्र एकच: वॅट भागिले १०००, गुणिले तास. २००० वॅटचा हीटर रात्रभर आठ तास पूर्ण जोराने चालला तर १६ युनिटं. महिनाभर असं केलं तर ४८० युनिटं, आणि ही फक्त एका खोलीची.

## टप्पा २: कूलर काढा, चौकट बंद करा

कूलर स्टँडवर तसाच ठेवून पुढे पडदा ओढणं ही इथली सगळ्यात महागडी सवय आहे. कूलरच्या तिन्ही बाजूंना ताट्या असतात आणि ताट्या हवा आत यावी म्हणूनच बनवलेल्या असतात. त्यातून रात्रभर गार हवा येते.

१. प्लग काढा. टाकीतलं पाणी पूर्ण सोडा.

२. ताट्या काढा. खस चांगली असेल तर झटकून उन्हात दोन दिवस वाळवा आणि कोरड्या पोत्यात बांधून ठेवा. गवताच्या ताट्या कडक होऊन क्षार धरून बसल्या असतील तर फेका, पुढच्या वर्षी त्या पाणी धरत नाहीत.

३. टाकीच्या आतल्या भिंती तारेच्या ब्रशने घासा, विशेषतः पाण्याची रेघ असते तिथे. डेंग्यूचा डास पाण्याच्या रेषेजवळ अंडी चिकटवतो आणि ती कोरड्यातही कित्येक महिने तग धरतात. नुसतं पाणी ओतून दिलं तर मार्चमध्ये पाणी भरताच तीच अंडी फुटतात.

४. टाकी एक दिवस उन्हात उपडी ठेवा. गंज दिसला तर खरवडून रेड ऑक्साइडचा रंग मारा.

५. पंप काढून साध्या पाण्यात दहा मिनिटं चालवा, मग पुसून घरात ठेवा. मोटरच्या दोन्ही बेअरिंगना तेलाचे दोन-दोन थेंब द्या.

६. चौकटीचं माप घ्या. प्लाय, थर्माकोल, प्लाय असं तीन थरांचं झाकण करा, चारही कडांना स्पंजची पट्टी लावा आणि चौकटीत दाबून बसवा. बाहेरून दोन आडव्या पट्ट्या नि स्क्रू.

सावध: हे झाकण सिलिकॉनने चिकटवू नका. फेब्रुवारीच्या शेवटी ते काढायचं आहे.

कूलर हलवणं शक्यच नसेल, तर निदान आतल्या जाळीच्या मापाचं झाकण आतल्या बाजूने बसवा. बाहेरून ताडपत्री गुंडाळल्याने कूलरचं पावसापासून रक्षण होतं, खोलीत येणारी हवा थांबत नाही.

विंडो एसी असेल तर त्याच्या भोवतीची फट स्पंजने भरा. स्प्लिट एसीचा पाइप भिंतीतून जातो, तिथे पांढऱ्या पुट्टीचा तुकडा अनेकदा गळून पडलेला असतो. बोट आत जाईल एवढं भोक रात्रभर पुरेशी थंडी आत ओढतं.

## टप्पा ३: फटी शोधा आणि बुजवा

पहाटे सहाच्या सुमारास सगळे पंखे बंद करून पेटती अगरबत्ती खिडकीच्या कडेने, दाराच्या खालून, स्विचबोर्डाच्या पेटीजवळून हळूहळू फिरवा. धूर जिथे आडवा पळतो तिथे फट आहे. खडूने खूण करा. दुपारी ही परीक्षा घेऊ नका, आत-बाहेरच्या तापमानात फरक नसेल तर धूर सरळच जातो.

सरकत्या खिडक्या. पल्ला वर उचलून ट्रॅकबाहेर काढा. कडेच्या खाचेत केसाळ पट्टी असते, तीन-चार उन्हाळे झाले की तिचे केस झडतात किंवा चपटे होतात. जुनी पट्टी ओढून काढा आणि तिचा एक वीतभर तुकडा दुकानात सोबत न्या, कारण पट्टीच्या बुडाची रुंदी आणि केसांची उंची दोन्ही जुळावी लागतात. उंच केसांची पट्टी ‘जास्त घट्ट बसेल’ म्हणून घेतली तर पल्ला अडकतो आणि मग तो ढकलताना चाकं तुटतात.

सावध: ट्रॅकच्या बाहेरच्या बाजूला तळाशी लहान छिद्रं असतात. ती पावसाचं पाणी बाहेर जाण्यासाठी आहेत. फट समजून बुजवली तर जुलैत पाणी थेट घरात येईल.

लाकडी दारं. पावसाळ्यात दार फुगतं, ऑगस्टमध्ये सुताराकडून रंधा मारून घेतला जातो, आणि नोव्हेंबरात लाकूड सुकून आकसलं की खाली बोटभर फट पडते. म्हणून दाराखालच्या पट्टीचं माप नोव्हेंबरातच घ्या. पट्टी फरशीला हलकी टेकली पाहिजे, घासली नाही पाहिजे.

बाथरूमच्या काचेच्या पट्ट्या. या कधीच पूर्ण मिटत नाहीत. पारदर्शक ॲक्रिलिकचा तुकडा आतून वरच्या तीन चतुर्थांश भागावर दोन बिजागरींनी बसवा, खालचा भाग मोकळा ठेवा. एक्झॉस्ट पंख्याच्या बाहेरच्या बाजूला आपोआप पडणारं झाकण नसेल तर ते लावून घ्या.

हे बुजवू नका: स्वयंपाकघराचा झरोका, आणि गॅस गीझर असलेल्या जागेची कोणतीही हवेची वाट. झोपायच्या खोलीतही एक लहान झरोका दोन बोटं उघडा राहू द्या. चार माणसं बंद खोलीत रात्रभर झोपली की सकाळी डोकं जड होतं ते हवा न खेळल्यामुळेच.

तपासा: आठवड्याने पुन्हा पहाटे अगरबत्ती फिरवा. आणि थर्मामीटर पाहा. फक्त इथवरच्या कामाने पहाटेचं तापमान वर आलेलं दिसायला हवं. दिसत नसेल तर एखादं मोठं भोक राहिलं आहे, बहुधा माळ्यावर किंवा पडद्यामागे.

## टप्पा ४: खोली निवडा, ऊन आत घ्या

उन्हाळ्यात जी पश्चिमेची खोली नकोशी होते, हिवाळ्यात झोपायला तीच चांगली. तिची भिंत दुपारभर तापते आणि रात्री उशिरापर्यंत ऊब सोडते. उलट गच्चीखालची, उत्तरेकडची खोली सगळ्यात गार. निरभ्र आकाशाखाली स्लॅब रात्री वेगाने ऊब गमावतो. वरच्या मजल्यावर झोपणाऱ्यांनी दोन महिने खालच्या खोलीत अंथरूण हलवलं तर एक पैसा खर्च न करता सगळ्यात मोठा फरक पडतो. ज्येष्ठांसाठी तर हे पहिलंच काम आहे.

दक्षिणेच्या खिडक्यांकडे विशेष लक्ष द्या. डिसेंबरच्या शेवटी नागपुरात भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४५ अंश वर असतो. म्हणजे खिडकीवरचा छज्जा दोन फूट बाहेर असेल तर त्याची सावली भिंतीवर दोनच फूट खाली येते आणि त्याखालचं सगळं ऊन आत शिरतं. जूनमध्ये सूर्य जवळपास डोक्यावर असल्याने हीच खिडकी सावलीत असते. दक्षिणेच्या खिडकीवर उन्हाळ्यासाठी काळी फिल्म किंवा हिरवी जाळी लावलेली असेल तर ती तीन महिने काढा.

दिवसाचं वेळापत्रक असं ठेवा. सकाळी सगळं बंद. बाहेरची हवा आतल्यापेक्षा उबदार झाली की खिडक्या उघडा, साधारण साडेदहा-अकरा वाजता. पडदे पूर्ण बाजूला. दुपारी चारला खिडक्या बंद. सूर्य साडेपाचच्या पुढेमागे मावळतो, त्याच्या आधी पडदे ओढलेले असावेत. बहुतेक घरं सातपर्यंत खिडक्या उघड्या ठेवतात, आणि दिवसभर भिंतींनी साठवलेली ऊब त्या दोन-तीन तासांत निघून जाते.

पडदा जाड असावा, मागे सुती अस्तर असावं, खिडकीच्या दोन्ही बाजूंना वीतभर जास्त आणि खाली फरशीपर्यंत. काचेजवळ गार झालेली हवा पडद्याखालून खोलीत सरकते, म्हणून खिडकीच्या मापाचा आखूड पडदा निम्मंच काम करतो. गांधीबागेच्या बाजारात पडद्याचं कापड ठोकात मिळतं, अस्तरही तिथेच घ्या.

गच्चीवर उन्हासाठी पांढरा थर दिला असेल तर थंडीपायी तो काढायचा विचार करू नका. आपल्याकडे ४५ अंशांचे दिवस ८ अंशांच्या रात्रींपेक्षा कितीतरी जास्त त्रास देतात.

## टप्पा ५: अंथरूण आणि फरशी

खोली गरम करण्यापेक्षा माणूस गरम ठेवणं फार स्वस्त पडतं. डबल बेडची विजेची चादर साधारण १५० वॅटची असते. झोपण्याआधी तासभर लावून बंद केली तर ०.१५ युनिट. तेवढ्याच वेळात २००० वॅटचा हीटर २ युनिटं खातो.

रजया आणि गोधड्या ऑक्टोबरच्या कडक उन्हात दोन दिवस गच्चीवर टाका, मधे एकदा उलटा. दबलेला कापूस पिंजून घ्या, कारण ऊब कापसात अडकलेल्या हवेमुळे राहते, वजनामुळे नाही. गादीच्या खालूनही थंडी येते: लोखंडी पलंगावर गादीखाली एक जाड सतरंजी टाका. विट्रिफाइड टाइल असलेल्या खोलीत पाय पडतो तिथे सतरंजी हवीच.

सावध: विजेची चादर घडी करून ठेवू नका, गुंडाळून ठेवा. घडीत तार तुटते आणि तिथेच जळते. लहान मुलं, अंथरूण ओलं होऊ शकतं अशी माणसं आणि संवेदना कमी झालेले मधुमेही यांच्याखाली ती रात्रभर चालू ठेवू नका.

## टप्पा ६: गरम पाणी

चार माणसांच्या घरात थंडीचा सगळ्यात मोठा खर्च बहुधा हाच असतो, आणि दुर्लक्षही यालाच होतं.

हिशेब पाहा. गच्चीवरच्या टाकीचं पाणी पहाटे १६ अंश धरलं आणि २० लिटरची बादली ४० अंशांची हवी असेल, तर साधारण ०.५५ युनिट लागतं. चार आंघोळी म्हणजे सव्वादोन युनिटं, महिन्याला ६६ च्या आसपास. तीच आंघोळ शॉवरखाली आठ मिनिटं, मिनिटाला आठ लिटरने केली तर ६४ लिटर पाणी आणि एका माणसामागे पावणेदोन युनिटं. गीझर कितीही तारांकित घेतला तरी हा फरक तो भरून काढत नाही. हिवाळ्यापुरती बादली वापरा.

### गीझरची सर्व्हिसिंग

बोरिंगचं पाणी जड असतं. गीझरच्या कॉइलवर क्षारांचा थर चढला की पाणी गरम व्हायला वेळ लागतो, कॉइल आतून जास्त तापते आणि फुटते. बोरिंगचं पाणी असेल तर दरवर्षी, महापालिकेच्या नळाचं असेल तर दोन वर्षांतून एकदा हे काम करा.

१. एमसीबी (वीज तोडणारा बोर्डातला खटका) पाडा. नुसतं बटण बंद करणं पुरेसं नाही. पाणी थंड होऊ द्या.

२. गार पाण्याचा कॉक बंद करा, गरम नळ उघडा, मग खालचा जोड सैल करून टाकी रिकामी करा.

३. वायरचे फोटो घ्या, मग त्या सोडवा. फ्लँजचे (कॉइल बसवलेल्या गोल झाकणाचे) नट आळीपाळीने समोरासमोरचे सैल करा.

४. कॉइल बाहेर काढा. एक लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम लिंबूसत्व विरघळवून त्यात तास-दोन तास बुडवा. थर मऊ झाला की जुन्या ब्रशने निघतो. सुरी किंवा पटाशीने खरवडू नका, आणि फरशी धुवायचं ॲसिड तर मुळीच नाही: ते धातू खातं.

५. ॲनोड रॉड पाहा. ही मॅग्नेशियमची कांडी स्वतः झिजून टाकीला गंजण्यापासून वाचवते. निम्म्याहून बारीक झाली असेल किंवा मधली तार दिसत असेल तर बदला. बहुतेक घरांत ती कधीच बदललेली नसते, आणि टाकी गळू लागल्यावर दोष कंपनीला दिला जातो.

६. गॅस्केट नवीनच बसवा.

७. सेफ्टी व्हॉल्व्हची दांडी उचलून पाहा, पाणी सुटलं पाहिजे. तापताना त्यातून थेंब पडणं ठीक आहे. ‘गळतो’ म्हणून त्याला बूच मारलं तर टाकी फुटू शकते.

८. आधी पाणी भरा. गरम नळातून हवेचे फुसकारे थांबून सलग धार येईपर्यंत वीज चालू करू नका. रिकाम्या टाकीत कॉइल काही क्षणांत जळते.

तपासा: १५ लिटरचा, २००० वॅटचा गीझर १६ अंशांचं पाणी ५५ अंशांवर न्यायला वीस मिनिटं घेतो, २५ लिटरचा साधारण पस्तीस. घड्याळ लावून बघा. बराच जास्त वेळ लागत असेल तर थर राहिला आहे किंवा थर्मोस्टॅट (तापमान ठरवणारा भाग) मधेच वीज तोडतो आहे.

थर्मोस्टॅट ५५ ते ६० वर ठेवा. गीझर आंघोळीच्या आधी लावा आणि सगळ्यांच्या आंघोळी लागोपाठ उरका. सहाला एक, आठला दुसरी, दहाला तिसरी असं झालं की मधल्या तासांत टाकी गार होत राहते आणि पुन्हा तापते. गीझरपासून नळापर्यंतचा पाऊण इंची पाइप दर मीटरला सुमारे पाव लिटर पाणी धरतो. दहा मीटर अंतर असेल तर अडीच लिटर गरम पाणी पाइपातच गार होतं. बाहेरच्या भिंतीवरून जाणाऱ्या पाइपाला नायट्राइलची नळी चढवा.

### फुकटचे अंश

बोरिंग असलेल्या घरांसाठी एक गोष्ट फार उपयोगाची आहे. जमिनीखालचं पाणी हिवाळ्यातही वर्षाच्या सरासरीइतकं, म्हणजे पंचविशीच्या पुढचं असतं, म्हणूनच पहाटे बोरिंगचं पाणी कोमट लागतं. टाकी रात्री भरून ठेवली तर तेच पाणी गच्चीवर गारठतं. टाकी रात्री खाली उतरू द्या आणि मोटर आंघोळीच्या जरा आधी लावा. २५ अंशांपासून सुरुवात झाली तर बादलीमागे ०.५५ ऐवजी ०.३५ युनिट पुरतं. बोरिंग नसेल तर मुलांच्या आणि ज्येष्ठांच्या आंघोळी दुपारी तीन-चारला ठेवा. काळ्या टाकीतलं पाणी तेव्हा तापलेलं असतं आणि बाथरूमही उबदार असतं.

सोलर असेल तर नोव्हेंबरात नळ्यांवरची धूळ धुवा (सकाळी, नळ्या गार असताना, नाहीतर काच तडकते), वर हवा जायचा पाइप मोकळा आहे का पाहा, आणि दक्षिणेकडे नव्याने बांधलेल्या कुणाच्या गच्चीची सावली तर पडत नाही ना, हे दुपारी बारा वाजता जाऊन बघा. विजेचा बॅकअप सतत चालू ठेवू नका, आभाळ आलं तरच लावा.

### दोन धोके

गॅस गीझर बंद बाथरूममध्ये कधीही नको. जळताना तो खोलीतला प्राणवायू वापरतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ शकतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणूस सावध व्हायच्या आत बेशुद्ध पडतो. गीझर बाहेर, मोकळ्या हवेत लावा आणि फक्त पाइप आत आणा. आत्ता तो आत असेल तर या लेखातलं बाकी सगळं बाजूला ठेवून आधी हे काम करा.

पाण्यात बुडवायचा रॉड: लोखंडी बादलीत नको. प्लास्टिकच्या बादलीवर लाकडी पट्टी आडवी टाकून त्याला अडकवा, पाण्याची रेघ रॉडवरच्या खुणेपर्यंत असू द्या. प्लग काढल्याशिवाय पाण्यात बोट घालू नका, रॉड बाहेर काढू नका. घरात लहान मूल असेल तर रॉड वापरूच नका.

## टप्पा ७: एवढ्यावरही थंडी उरली तर हीटर

थर्मामीटर पहाटे सतत १८ च्या खाली दाखवत असेल तरच इथे या.

कॉइलचा, क्वार्ट्झच्या नळीचा, पंख्याचा ब्लोअर किंवा तेलाचा, कोणताही साधा हीटर एका युनिटमधून एका युनिटचीच ऊब देतो. ‘कमी विजेत जास्त गरम’ असं सांगणारा विक्रेता चुकीचं सांगतो आहे. फरक कामात आहे. नळीचा हीटर समोर बसलेल्याला लगेच ऊब देतो, खोली गरम करत नाही. ब्लोअर लहान खोली पटकन तापवतो, आवाज करतो, हवा कोरडी वाटते. तेलाचा हीटर हळू तापतो पण बंद केल्यावरही बराच वेळ ऊब देतो, रात्रीसाठी तोच बरा. भोकं बुजवलेल्या १० बाय १२ च्या खोलीला १००० ते १५०० वॅट पुरतात. जास्त फिनचा (उभ्या पात्यांचा) मोठा हीटर घ्यायची गरज नाही.

अपवाद एकच: हॉट-कोल्ड इन्व्हर्टर एसी. तो ऊब बनवत नाही, बाहेरची आत ओढतो, म्हणून एका युनिटमागे साधारण तिप्पट ऊब देतो. नागपुरातल्या ८-१० अंशांत तो व्यवस्थित चालतो. नवीन एसी घ्यायचाच असेल तर हा प्रकार विचारून घ्या. नुसत्या थंडीसाठी मुद्दाम घेऊ नका, दोन महिन्यांत खर्च निघत नाही.

### वायरिंग

१. हीटरला १६ अँपिअरचा सॉकेट हवा, तोही स्वतंत्र वायरवर. २००० वॅट म्हणजे जवळजवळ ९ अँपिअर. मोबाइलच्या एक्स्टेंशन बोर्डवर हीटर लावला की आधी बोर्ड तापतो, मग वितळतो, मग पडदा पेटतो.

२. वायर २.५ चौरस मिमीपेक्षा बारीक नको. लांबचा पल्ला असेल तर ४.

३. आरसीसीबीचं (वीज गळली की ती तोडणाऱ्या खटक्याचं) ‘टेस्ट’ बटण दाबा, तो लगेच पडला पाहिजे. पडला नाही तर बदला. जुन्या घरांत, विशेषतः महाल-इतवारीकडच्या वाड्यांत, अर्थिंग आहे का हे इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या.

४. अर्धा तास हीटर चालवून प्लगला हात लावा. कोमट चालेल, चटका बसेल इतका तापला तर सॉकेटच्या पिना सैल आहेत.

हीटर पडद्यापासून, रजईपासून तीन फूट लांब. त्यावर कपडे वाळवू नका. आयएसआय खूण आणि आडवा पडल्यावर आपोआप बंद होण्याची सोय पाहूनच घ्या.

रात्रभर चालवायची गरज नसते. झोपण्याआधी एक तास आणि पहाटे पाच ते सहा एक तास, टायमर लावून. थंडी सगळ्यात जास्त सूर्योदयाच्या सुमारास असते, मध्यरात्री नाही. १००० वॅटवर हे दोन तास म्हणजे २ युनिटं, २००० वॅटवर रात्रभरच्या १६ च्या जागी.

सावध: बंद खोलीत कोळशाची शेगडी, घमेल्यातले निखारे किंवा गॅसची शेगडी ठेवून झोपू नका. धूर दिसत नाही म्हणजे धोका नाही, असं नाही. निखाऱ्यांतून धूर न येताही कार्बन मोनॉक्साइड येतो. शेकोटी अंगणातच.

## टप्पा ८: फेब्रुवारीत उलटं काम

फेब्रुवारीच्या मध्यापासून दुपार तापू लागते आणि होळीपर्यंत कूलर लागतोच. उलट करताना क्रम असा ठेवा: आधी हीटरचा प्लग काढून तार सैल गुंडाळा आणि कोरड्या जागी ठेवा. मग विजेची चादर गुंडाळून पिशवीत. दक्षिणेच्या खिडकीवरची जाळी परत लावा. कूलरच्या चौकटीचं झाकण सगळ्यात शेवटी काढा आणि त्यावर खोलीचं नाव नि वरची बाजू लिहून माळ्यावर टाका, पुढच्या नोव्हेंबरात माप घ्यावं लागणार नाही. खिडक्यांची केसाळ पट्टी आणि दाराखालची पट्टी मात्र काढू नका. एसी असलेल्या खोलीत मे महिन्यात थंड हवा त्याच धरून ठेवतील.